चटई कारखान्याचा ताबा

माझ्या कामाला मराठीत अजून नीट नाव नाही. सरकारी कागदावर आम्हाला ‘निराकरण व्यावसायिक’ म्हणतात. हा शब्द मी एकदा माहेरी असोद्याला आईसमोर उच्चारला, तेव्हा ती केळीच्या पानावर पापड्या घालत होती. हात न थांबवता म्हणाली, “म्हंजे तू नेमकं काय करते व माय?”

मी सांगितलं, की एखाद्या कंपनीला कर्ज फेडता आलं नाही की बँक न्यायाधिकरणात जाते. तिथे अर्ज मान्य झाला की मालकाच्या हातातला सगळा कारभार काढून माझ्यासारख्या माणसाच्या हातात देतात. मी ती कंपनी चालती ठेवायची, ती घ्यायला कुणी तयार आहे का ते शोधायचं आणि कायद्याने दिलेल्या मुदतीत तिची सोय लावायची. कुणीच मिळालं नाही तर यंत्रं, जागा, सगळं विकून कंपनी मोडीत काढायची.

“आन् ज्याची कंपनी, तो कुठी जातो?”

“तो असतो तिथेच. मला माहिती देणं त्याला बंधनकारक असतं.”

आईने पापडीवरून नजर वर केली. “त्याच्याच घरी त्याले पाव्हणा करायचं,” ती म्हणाली आणि परत कामाला लागली.

मी मूळची सी.ए. जळगावात बरीच वर्षं आयकर, जीएसटी, सोसायट्यांचं ऑडिट असलं काम केलं. हा नवा कायदा आला, त्याची परीक्षा निघाली, ती मी चाळिशी उलटल्यावर दिली. आम्ही तिथेच पिंप्राळ्यात राहतो. नवरा दीपनगरच्या वीजकेंद्रात आहे, त्याच्या पाळ्या बदलत असतात, त्यामुळे घरात कुणीतरी कायम झोपेत आणि कुणीतरी कायम घाईत. त्या घाईत एके दिवशी मला मुंबईच्या न्यायाधिकरणाचा आदेश आला. कारखाना जळगावचाच होता, प्लास्टिकच्या चटयांचा.

चटईचं आमच्या गावाला अप्रूप नाही. एमआयडीसीत गल्लोगल्ली चटया विणल्या जातात. पण हा कारखाना जुन्यांपैकी. मालक मूळ राजस्थानकडचे, जैन, तिसरी पिढी. आजोबांचं किराणा दुकान, वडिलांची डाळमिल, आणि यांनी चटई सुरू केली. जळगावचं युनिट त्यांनी स्वतः उभं केलं होतं. धुळ्याला अवधानच्या एमआयडीसीत दुसरं युनिट होतं, ते धाकट्या भावासाठी काढलेलं. धाकट्याने तिथे नवे माग आणले, मोठं कर्ज काढलं, मग दोघा भावांत बिनसलं आणि धाकटा वेगळा होऊन इंदूरला गेला. कर्ज इथेच राहिलं. दोन्ही युनिटं एकाच कंपनीची, त्यामुळे एकाचा पाय घसरला तसं दुसरंही गेलं.

ताबा घ्यायला गेले तेव्हा शेठजी केबिनच्या दारात उभे होते. साठीच्या पुढचे, उंच, पांढरा हाफ शर्ट. मला वाटलं होतं ते भांडतील, किंवा वकील घेऊन येतील. त्यांनी मला आत नेलं.

“या ताई. ही खुर्ची. हा कपाटाचा जुडगा. ड्रॉवरची किल्ली जरा डावीकडे ओढून फिरवा, नाहीतर अडकते.”

“शेठजी, तुम्ही बसा ना.”

“आता कसा बसणार? कायद्याने माझं संचालक मंडळ स्थगित. मी वाचलंय सगळं.” त्यांनी हसायचा प्रयत्न केला. “पाणी सांगू का, की तेही आता तुम्हीच सांगायचं?”

 त्या खुर्चीवर मी अर्धा दिवस बसले. खुर्ची आरामाची होती, तरी मला सारखं उठावंसं वाटत होतं. खिडकीतून गेट दिसायचं, आणि गेटजवळच्या बाकावर शेठजी बसलेले दिसायचे. दुसऱ्या दिवशी मी एक टेबल उचलून पॅकिंगच्या शेडमध्ये टाकलं आणि सगळं काम तिथूनच केलं. तिथे धूळ होती, मागांचा खडखडाट होता, बोलताना ओरडावं लागे. पण खिडकी नव्हती.

शेठजी मात्र रोज यायचे. सकाळी भोंग्याच्या आधी यायचे, बाकावर बसायचे, येणाऱ्याजाणाऱ्याचा नमस्कार घ्यायचे. कामगार आधी त्यांच्याकडे जायचे आणि मग माझ्याकडे. रंगाची अडचण असो, सुट्टी असो, मशीन कुरकुरत असो, पाय आधी बाकाकडे वळायचे. शेठजी हाताने शेडकडे खूण करायचे: ताईंना विचारा. हे मला बरं वाटायला हवं होतं. मला त्याचा त्रास व्हायचा.

एकदा वीज कंपनीची गाडी आली. कनेक्शन तोडायला आले होते. थकबाकी जुनी, माझ्या आधीची. आत एक्स्ट्रूडर चालू होता. प्लास्टिकचा दाणा त्यात वितळतो आणि त्याची बारीक पट्टी निघते, ती मागावर जाते. चालतं मशीन असं अचानक थांबलं तर आतला माल करपून थिजतो. मग ते साफ करता करता आठवडा जातो, आणि तेवढ्यात ऑर्डर दुसऱ्याकडे जाते. मी शेडमधून पळत गेटवर आले, तर शेठजी त्या इंजिनिअरसमोर हात जोडून उभे.

“साहेब, दोन दिवस द्या. मी काहीतरी करतो.”

“शेठजी, तुम्ही बाजूला व्हा,” मी म्हणाले.

मी जरा जोरात म्हणाले असेन. मागांच्या शेजारी बसून माझा आवाज चढाच झाला होता. ते दोन पावलं मागे सरले.

मी इंजिनिअरला आदेशाची प्रत दाखवली. “न्यायाधिकरणाने स्थगिती दिलीय. आदेशाच्या आधीची थकबाकी तुम्ही दावा म्हणून माझ्याकडे नोंदवा. तिच्यासाठी वीज तोडता येणार नाही. माझ्या काळातलं बिल मी दर महिन्याला भरतेय, पावत्या बघा.”

“मॅडम, मला वरून आदेश आहे.”

“मग वरच्या साहेबांना फोन लावा. त्यांना सांगा, तोडली तर उद्या मी न्यायाधिकरणात उभी राहीन आणि उत्तर तुमच्या नावाने मागीन.”

फोन झाले. एकाचा दुसऱ्याला, दुसऱ्याचा तिसऱ्याला. दुपार तिथेच उन्हात गेली. शेवटी गाडी परत गेली. आत पट्टी निघतच होती. पॅकिंगमधल्या एका बाईने टाळी वाजवली आणि बाकीच्या हसल्या. पहिल्यांदाच कुणी माझ्याकडे बघून हसलं.

संध्याकाळी मी स्कूटर काढत होते तर शेठजी बाकावरून उठले.

“ताई, कायदा चांगला आहे. मला माहीत असता तर हात जोडले नसते.” मग जरा थांबून म्हणाले, “पण या गेटवर मला कुणी बाजूला व्हा म्हणेल असं वाटलं नव्हतं.”

मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, “अगं, वीज वाचवलीस ना? मग?” त्याचं बरोबरच होतं. तरी मी त्या संध्याकाळी विनाकारण दोनदा कपाट आवरलं.

मग कंपनी कोण घेणार, तो भाग सुरू झाला. आम्ही जाहिरात दिली. चौकश्या बऱ्याच आल्या, बहुतेक भंगारवाल्यांच्या. खरी तयारी असलेला एकच निघाला, राजकोटचा एक प्लास्टिकवाला. त्याचे तिकडे कारखाने होते, त्याला महाराष्ट्रात पाय रोवायचा होता. बोलायला गोड, हिशेबाला पक्का.

आणि शेठजींनाही कंपनी परत घ्यायची होती.

तिथे कायदा आडवा यायचा. ज्याच्या हातून कर्ज बुडालं, त्याने मागच्या दाराने येऊन तीच कंपनी स्वस्तात घेऊ नये म्हणून मालकांना बोली लावायला मनाई आहे. कारण रास्त आहे. पण लहान आणि मध्यम उद्योगांना त्यातून सूट आहे, कारण असले कारखाने बहुतेक वेळा मालकाशिवाय दुसरं कुणी घेतच नाही. आमचा कारखाना आकाराने त्या सवलतीत बसत होता. अडचण एवढीच होती, की लघुउद्योगाची नोंदणीच कधी केलेली नव्हती.

“राहून गेली हो ताई,” शेठजी म्हणाले. “गरजच पडली नाही. आता करता येईल का?”

“करायचा अधिकार आता फक्त मला आहे. आणि प्रक्रिया सुरू झाल्यावर केलेली नोंदणी चालत नाही, असं काही निकालांत म्हटलंय.”

“म्हणजे नाही.”

“आज तरी नाही.”

त्यांनी मान हलवली आणि बाकावर जाऊन बसले. मी माझ्या टेबलाशी आले. मनात म्हटलं, सुटले. एकच बोलीवाला असला की माझं काम सोपं होतं.

सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला तो याच सुमारास. मी तो सकाळी पोहे करता करता फोनवर वाचला आणि गॅस बारीक करून पुन्हा वाचला. अर्थ साधा होता. उद्योग लहान आहे की नाही हे बोली सादर करण्याच्या दिवशी बघायचं, प्रक्रिया सुरू झाल्याच्या दिवशी नाही. नोंदणी मधल्या काळात झाली तरी चालेल. म्हणजे मी नोंदणी केली तर शेठजींना दार उघडत होतं. नाही केली तर बंद. कुणी मला तसं करायला सांगितलं नव्हतं, आणि न करायलाही.

बँकेचे अधिकारी घाबरले. कंपनी कुणाला द्यायची हे कर्ज देणारे मतदानाने ठरवतात, आणि त्यात जवळजवळ सगळं वजन त्यांचंच. फोनवर म्हणाले, “मॅडम, विचार करा. तुम्ही जळगावच्या, शेठ जळगावचे. उद्या राजकोटवाला म्हणेल, मॅडमनी गाववाल्याला आत घेतलं.”

“आणि नाही केली तर शेठ म्हणतील, मॅडमनी कायदा असून दार लावून घेतलं.”

“ते म्हणणार नाहीत. ते कुणाला काही म्हणत नाहीत.”

हे वाक्य माझ्या डोक्यात बसलं. दोन दिवस मी नुसती फिरत होते. शेडमधून गोदामात, गोदामातून गेटवर, गेटवरून परत. पॅकिंगच्या एका बाईने विचारलं, “ताई, काही हरवलं का?” आदेशाने माझ्याकडून दोन गोष्टी मागितल्या होत्या, कंपनीची किंमत वाढेल असं करणं आणि कुणाची बाजू न घेणं. एकाऐवजी दोघं बोली लावणार असतील तर किंमत वाढते, एवढं तर असोद्याच्या बैलबाजारातही कळतं. मी नोंदणी केली. मग बँकेला आणि राजकोटवाल्याला एकाच वेळी कळवलं, निकालाच्या प्रतीसह. राजकोटवाल्याने आक्षेप घेतला, न्यायाधिकरणाने तो ऐकून फेटाळला.

शेठजींना मी गेटवर सांगितलं. त्यांनी बाकाच्या पाठीला घट्ट धरलं.

“मी बोली लावू शकतो?”

“लावू शकता. पण यापुढे मी तुमच्याशी त्या विषयावर एक शब्द बोलणार नाही. जे राजकोटवाल्यांना सांगेन तेच तुम्हाला, आणि त्याच वेळी.”

“तेवढंच पाहिजे ताई.” दुसऱ्या दिवसापासून ते बाकावर यायचे बंद झाले. मेहुण्याच्या मदतीने भांडवलाच्या मागे लागले होते.

मनातली गोष्ट सांगते. शेठजींनीच जिंकावं असं मला वाटत होतं. असं वाटणं माझ्या कामात बसत नाही, म्हणून मी ते कुणाला बोलले नाही, पण वाटत होतं. दोन्ही प्रस्ताव आले, बंद पाकिटं उघडली आणि शेठजींचा प्रस्ताव मी वाचायला घेतला. जळगावचं युनिट पूर्ण क्षमतेने चालवायचं, नवा रंगविभाग, सगळे जुने कामगार कायम. पुढच्या पानावर लिहिलं होतं की धुळ्याचं युनिट बंद करून जमीन आणि माग विकायचे आणि त्यातून बँकेला द्यायचं. राजकोटवाल्याच्या प्रस्तावात धुळं चालू राहणार होतं. त्याला महामार्गाच्या चौफुलीवरची ती जागाच हवी होती.

मी पान मिटलं. त्यानंतर धुळ्याला जायचं म्हटलं की नको वाटायचं. आणि जावं तर लागायचंच, दर आठवड्याला, एरंडोल, पारोळा करत.

धुळ्याचं युनिट ज्याच्या जिवावर चालायचं तो तिथला सुपरवायझर. सगळे त्याला नाना म्हणायचे. जवळच्या खेड्यातला, पन्नाशीचा, कानाला मफलर बारा महिने. धाकटा शेठ निघून गेल्यापासून मालकाने तिकडे पाऊल टाकलं नव्हतं. पगार उशिरा व्हायचे, तरी नानाने माग बंद पडू दिले नव्हते. मी गेले की तो आधी सगळी शेड फिरवायचा. “बठ्ठा माग चालू शेतस, ताई,” सगळे चालू आहेत, असं दरवेळी आपल्या अहिराणीत सांगायचा, जसं एखादा बाप पोरांचा निकाल सांगतो.

त्या आठवड्यात फिरून झाल्यावर त्याने चहा मागवला आणि माझ्यासमोर बसला.

“ताई, एक इचारू? शेठ जिकना, ते आम्हनं काय व्हई?”

“नाना, प्रस्तावात काय आहे ते मला सांगता येत नाही.”

“सांगता येत नही, का सांगानं मन नही?”

“बंदी आहे नाना. कायद्याची.”

त्याने माझ्या तोंडाकडे नीट बघितलं. मी कपाकडे बघत राहिले. माझ्या चेहऱ्यावर काय होतं देव जाणे, पण त्याने मफलर सारखा केला आणि म्हणाला, “बरं. चहा पी ल्या.” परत येताना मला पारोळ्याच्या पुढे गाडी कडेला घ्यावी लागली. काही झालं नव्हतं. नुसतं बसवत नव्हतं. उतरून थोडं चालले, कपाशीच्या शेतातून ट्रॅक्टर जाताना बघत उभी राहिले आणि मग निघाले.

कामगारांना मत नसतं. त्यांचा थकलेला पगार दावा म्हणून लागतो, भविष्य निर्वाह निधीचं संरक्षण असतं, पण कंपनी कुणाला द्यायची हे ठरवताना त्यांना कुणी विचारत नाही. मला एक गोष्ट करता येत होती. अंतिम सुधारित बोली देण्याआधी दोन्ही बोलीवाल्यांना दोन्ही युनिटं पुन्हा पाहायची संधी द्यायची. ती मी दिली. जळगाव सकाळी, धुळं दुपारी. शेठजींना धुळं बघायची गरज नव्हती, ते येणार नाहीत असंच मी धरून चालले होते. ते आले. एसटीने आले. गाडी फायनान्स कंपनीने नेली होती हे मला तेव्हा कळलं.

राजकोटवाला आपल्या इंजिनिअरबरोबर मागांची लांबीरुंदी बघत फिरत होता. शेठजी दारातच थांबले होते. आत बायका काम थांबवून बघत होत्या. मग नाना पुढे आला आणि त्याने सगळ्यांच्या देखत विचारलं.

“शेठ, तुम्ही घेतं ते हाई चालू ठेवशात का?”

मी काही बोलणार तेवढ्यात शेठजींनी हात वर केला.

“ताईंना बंदी आहे, मला नाही. माझा प्रस्ताव माझा आहे.” ते नानाकडे वळले. “नाना, मी घेतलं तर हे बंद करणार. दोन्ही चालवायची माझी ताकद राहिली नाही. खोटं कशाला सांगू?”

नानाने शेजारच्या मागावर हात ठेवला. 

“तोंडवर सांगं, हाई बरं करं,” तो म्हणाला. “धाकला शेठ ते न सांगता गया.”

शेठजींचा चेहरा भावाच्या उल्लेखाने हलला. ते आत शिरले आणि पहिल्यांदाच ते सगळे माग एकेक करून बघत गेले. एका मागापाशी थांबून त्यांनी विणलेल्या चटईची कड बोटाने दाबून पाहिली. “विण चांगली आहे,” म्हणाले. “जळगावपेक्षा चांगली.” 

निघताना संध्याकाळ होत आली होती. राजकोटवाला आपल्या गाडीने गेला. मी गाडी काढली तेव्हा शेठजी फाटकाबाहेर रस्त्याच्या कडेला उभे होते, स्टँडकडे जाणाऱ्या रिक्षाची वाट बघत. दोघांनाही जळगावलाच जायचं होतं. एकाच बोलीवाल्याला माझ्या गाडीत घेतलं असतं तर सगळी प्रक्रिया संशयात आली असती. मी काच खाली केली.

त्यांनीच सोडवलं. “जा ताई, जा. तुम्ही थांबलात तेही कुणी बघेल.” आणि तोंड फिरवून दुसरीकडे बघत उभे राहिले.

मी गेले. आरशात ते बराच वेळ दिसत होते. एवढ्या वर्षांच्या नोकरीधंद्यात मी इतकं बरोबर आणि इतकं वाईट काही केलेलं नाही.

मतदान झालं. राजकोटवाल्याने बोली चांगलीच वाढवली होती, समोर दुसरा कुणी नसता तर वाढवली नसती. बँकेने त्याच्या बाजूने मत दिलं. पुढे गावात दोन गोष्टी ऐकू आल्या. जळगावात म्हणायचे, शेठनी धुळ्यात खरं बोलून पायावर धोंडा मारून घेतला. धुळ्यात म्हणायचे, कामगारांच्या शापाने गेलं. बँकेने यातलं काहीही बघितलं नव्हतं. त्यांनी आकडा बघितला, आणि पैसे कधी हातात येतात ते बघितलं. मी दोन्हीकडे हे सांगायचा प्रयत्न केला. कुणाला पटलं नाही.

निकाल कळवायला मी शेठजींच्या घरी फोन केला. त्यांना ईमेल गेलेलाच होता, पण मला नुसता ईमेल पुरेसा वाटेना.

“कळलं ताई,” ते म्हणाले. “हरलो. पण त्याआधी मला कुणी विचारतच नव्हतं, नुसता बाजूला काढून ठेवला होता. तुम्ही लढायला तरी दिलं.”

“कायद्याने दिलं, शेठजी.”

“कायदा पोह्याच्या कढईशेजारी कोण वाचतं?” नवऱ्याने हा किस्सा कुठेतरी सांगितला असणार, जळगाव लहान आहे. मी हसले, आणि फोन ठेवल्यावर मला रडू आलं.

न्यायाधिकरणाची मंजुरी आली. ताबा दिला तेव्हा राजकोटवाला खुर्चीवर बसून लगेच फोन करू लागला, त्याला काही वाटलं नाही, आणि वाटायचं कारणही नव्हतं. दोन्ही युनिटं आजही चालतात. धुळ्याचे जुने माग त्याने काढून टाकले आणि नवे आणले, त्यामुळे काही जणांचं काम गेलं. नाना राहिला. जळगावची एक पाळी कमी झाली, हे मात्र प्रस्तावात कुठे नव्हतं, आणि आता माझा तिथे अधिकार नाही.

शेठजींचं प्रकरण संपलं नाही. त्यांनी कंपनीच्या कर्जाला व्यक्तिगत हमी दिली होती. कंपनी दुसऱ्याने घेतली तरी हमीदार सुटत नाही, हेही न्यायालयाने मागेच ठरवलं आहे. बँकेने त्यांच्याविरुद्ध वेगळा अर्ज केला; त्यातही माझ्यासारखा एक व्यावसायिक नेमतात. मध्यंतरी ते पिंप्राळ्यात माझ्या ऑफिसात आले होते. आता ते घरूनच प्लास्टिक दाण्याची दलाली करतात, चटईवाले सगळे ओळखीचे आहेत, त्यामुळे बरं चाललंय म्हणाले. पत्नीने लाडू पाठवले होते.

“या कामाला तुम्हीच या ना,” ते म्हणाले. “नवीन माणसाला सगळं पहिल्यापासून सांगायचं म्हणजे जिवावर येतं.”

“मला नाही येता येणार, शेठजी. मी त्याच कंपनीचं काम केलंय.”

“हेही बंदीत?”

“हेही.”

ते थोडं हसले. मग घराचं काय होईल ते विचारलं. मी जेवढं सांगता येतं तेवढं सांगितलं, की परतफेडीची योजना ते स्वतः मांडू शकतात, बँकेने ती मान्य केली तर घर वाचू शकतं, मान्य नाही केली तर सांगता येत नाही. त्यांनी ते शांतपणे ऐकलं, एकदोनदा प्रश्न विचारले. उठताना म्हणाले, “धाकट्याचा फोन आला होता इंदूरहून. बऱ्याच वर्षांनी. म्हणाला, योजनेत मी हातभार लावतो. धुळ्याचं कर्ज माझंच होतं.”

“मग?”

“म्हटलं, विचार करून सांगतो.” ते दाराशी जरा थांबले. “ताई, हो म्हणू का?”

हा कायद्याचा प्रश्न नव्हता, म्हणून मला उत्तर द्यायला कुणाची बंदी नव्हती. मी म्हणाले, “म्हणा.”